जुनी मोटारसायकल लांब न्यावी की झाकून ठेवावी?

एकसिलिंडर
काल ‘सावधान_पुढे_वळण’ यांनी एका प्रतिसादात लिहिलं की पन्नास वर्षांची मोटारसायकल घेऊन हजार-दोन हजार किलोमीटर जाणं म्हणजे "म्हातारीला शर्यतीत उतरवणं". अशा गाड्या पुसूनपुसून दिवाणखान्यात ठेवाव्यात, महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालू कराव्यात, बस. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण ते मावेना. म्हणून हा वेगळा धागा.

आधी त्या पाच मिनिटांबद्दल. गाडीचा खरा छळ तोच आहे. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. पेट्रोल जळताना तयार होणारं पाणी उडून जाण्याऐवजी ऑइलमध्ये मिसळतं, सायलेन्सरमध्ये साचतं आणि तो आतून कुजतो. कार्बोरेटरच्या बाउलमधलं पेट्रोल उडतं, जेटमध्ये चिकट थर राहतो. ड्राय संप, म्हणजे ऑइलची टाकी वेगळी, असेल तर त्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत इंजिनच्या तळाला, क्रँककेसमध्ये, उतरतं आणि पुढच्या किकला ब्रीदरच्या नळीतून तुमच्या त्या चकचकीत फरशीवर येतं. उभी गाडी टिकते हा समज कुठून आला कोण जाणे. उभी गाडी मरतेच, फक्त पॉलिश लावून मरते.

आता लांबच्या प्रवासाचं. माझी पाचशे सीसी सिंगल सिलिंडर आहे, तिची खुशीची चाल पासष्ट-सत्तर. तिला ऐंशीला ढकललं की हॅंडलवरच्या हातांना मुंग्या येतात, म्हणजे ती सांगतेय की बाबा पुरे. दर दीड तासाने थांबायचं, चेन बघायची, ब्रेकच्या हबला हात लावून बघायचा, नटबोल्ट चाचपायचे. दिवसाला अडीचशे किलोमीटर, अंधाराच्या आत मुक्काम. गेल्या वर्षी अकरा दिवसांत २३०० झाले. एकदाच अडकलो. थंड असताना झकास, तापली की बंद, वीस मिनिटं सावलीत उभी केली की पुन्हा झकास. मी शहाण्याने तीनदा कार्बोरेटर उघडला. निघाला कंडेन्सर. ठिणगीच्या सर्किटातला हा छोटा भाग; दुसरा सोबत होता, अर्ध्या तासात पुढे.

आणि शर्यतीचंच म्हणाल तर १९३४ साली थेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी ६०० सीसीच्या सिंगल सिलिंडर पँथरला साइडकार आणि मागे ट्रेलर जोडून लंडनहून निघाल्या आणि सहारा ओलांडून १९३५ मध्ये केप टाउनला पोचल्या. आणि तुम्ही मला डांबरी रस्त्याची भीती घालताय!

सावधान_पुढे_वळण
माझ्या चार ओळींवर एवढा निबंध! धन्य झालो.

वॉलकबाईंबद्दल पूर्ण आदर. पण १९३४ साली त्यांची पँथर विंटेज नव्हती हो, नवी होती! नव्या गाडीने केलेला पराक्रम तुम्ही साठ वर्षांच्या धातूच्या खात्यावर का जमा करताय?

मी हवेत बोलत नाही. आजोबांची गाडी माझ्याकडे आहे आणि मीही ती एकदा लांब नेली होती. मागे बायको, दोन बॅगा, सात-आठ किलोमीटरचा उतार. निम्म्यात पुढच्या ब्रेकचा ड्रम तापला. लिव्हर हॅंडलला टेकली आणि गाडी तशीच चाललेली. मागचा ब्रेक दाबायला पाय मारला तर गिअर पडला. कारण? या गाडीत गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या. रोजच्या गाडीत उलटं. घाबरलेला पाय रोजच्याच सवयीने पडतो. रस्त्याकडेच्या मातीत घालून थांबलो, कुणाला काही झालं नाही. त्या दिवसापासून गाडी दिवाणखान्यात.

१९६९ च्या होंडा सीबी७५० ला पुढे डिस्क ब्रेक आला, १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूने मोटारसायकलला चाक जाम होऊ न देणारं एबीएस दिलं. हे सगळं लोकांनी गंमत म्हणून केलं का? शिवाय रस्त्यावर तुम्ही एकटे नसता. तुमच्या मागच्या ट्रकवाल्याला तुमचे ड्रम किती तापलेत ते कळत नाही.

पाना_दहा_बारा
उतारावर ब्रेक धरून ठेवलात, हे तुमच्याच लिहिण्यावरून कळतंय. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आम्हाला गाडीला हात लावायच्या आधी शिकवलं होतं. ड्रम तापला की फुगतो, आतून त्याला दाबणाऱ्या शूपासून लांब जातो, त्यात शूवरच्या लायनिंगची पकडही जाते. तो त्याचा स्वभाव आहे. माणसाने स्वभाव ओळखून वागावं.

(टू-स्ट्रोकवाल्यांनी हे जसंच्या तसं करू नये. त्यांचं ऑइल पेट्रोलमधून येतं. थ्रॉटल बंद ठेवून लांब उतार इंजिनवर उतरलात तर पिस्टन कोरडा पडतो आणि धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो. अधूनमधून थ्रॉटल द्या. एकाची गाडी अशी धरलेली मी स्वतः उघडली आहे.)

तटस्थ_गिअर
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे असं म्हणून दोघांच्या शिव्या खातो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० च्या ऐवजी ६० ने चाललात तर ब्रेकला जिरवायची ऊर्जा जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणजे एकसिलिंडर यांची सावकाश चाल हा नुसता शौक नाही, तोच त्यांचा खरा ब्रेक आहे. पण समोरून कुत्रं आडवं आलं तर वर्ग-बिर्ग कामाला येत नाही, हेही खरं.

वायरमनबुवा
ते ब्रेकचं चालू द्या. मला एका वाक्याने कालपासून झोप नाही. "निघाला कंडेन्सर."

अहो, इलेक्ट्रॉनिक इग्निशन नावाची वस्तू जगात येऊन किती वर्षं झाली! दोन तासांचं काम. सीबी पॉइंट (ठिणगीसाठी विजेचा प्रवाह तोडणारे संपर्क) काढा, त्या जागी प्लेट बसवा, कॅमवर चुंबक, सीटखाली डबी. पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप कमी होते, टायमिंग मागे पडतं, गाडी तापते, आणि मग तुम्ही लोक "आज हिचा मूड नाही" म्हणता. मूड कसला? टायमिंग गेलंय तिचं. मी बारा वर्षांपूर्वी बदललं, त्यानंतर ते कव्हर उघडलेलं नाही.

पाना_दहा_बारा
आणि ज्या दिवशी उघडाल त्या दिवशी आत काय दुरुस्त कराल? काळ्या डबीकडे बघून नमस्कार?

पॉइंट बिघडला तर काडेपेटीच्या पट्टीने घासता येतो. गॅप मोजायची पट्टी, फीलर गेज, नसेल तर व्हिजिटिंग कार्डाने गॅप लावता येते, अगदी ०.३५-०.४० मिलिमीटरच्या आसपास बसते. ठिणगीची वीज स्वतःच बनवणारा मॅग्नेटो असेल तर बॅटरी काढून फेकून दिली तरी माणूस घरी येतो. तुमची डबी गेली की टेम्पो. डबी कधी खोकत नाही, सरळ मरते.

वायरमनबुवा
काका, टेम्पोत गाडी घातलेले मला आजवर चार लोक माहीत आहेत. चारही पॉइंटवाले.

पाना_दहा_बारा
तुम्हाला माणसंच चार माहीत असतील.

तटस्थ_गिअर
अवांतर होतंय. मूळ प्रश्न लांब प्रवासाचा होता.

वायरमनबुवा
अवांतर कसं? रस्त्यात बंद पडायच्या कारणांमध्ये ठिणगी सगळ्यात वर आहे. आणि काका, वैयक्तिक होऊ नका, मग मीही विचारीन की तुमच्या त्या "अस्सल" गाडीतला कंडेन्सर कुठल्या साली बनला. जुना मिळत नाही, नवा नकली येतो आणि तापला की राम म्हणतो. अस्सलपणा म्हणून तुम्ही जपताय तो मागच्या वर्षी बनलेला निकृष्ट माल! मी ०.२२ मायक्रोफॅरडचा चांगला कपॅसिटर (म्हणजे कंडेन्सरच) टाकीखाली गार जागी लावून दिलाय कितीतरी जणांना. तो दिसतही नाही.

पाना_दहा_बारा
म्हणजे तुम्हीच लोकांना पॉइंटवर ठेवून कपॅसिटर लावून दिलात. छान. डबी का नाही दिलीत?

वायरमनबुवा
कारण त्यांनी ऐकलं नाही!!

एकसिलिंडर
जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना फिवा, तिच्या ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत गाडी किमान तीस वर्षांची हवी आणि इतिहासाला धरून असलेल्या स्थितीत जपलेली हवी असं आहे. डबी लावली की ती स्थिती राहते का, हा प्रश्न उरतोच.

वायरमनबुवा
त्याच व्याख्येत "रोजचं वाहन म्हणून वापरात नसलेलं" हेही आहे. सोयीचं तेवढं उचलायचं. आणि तुमच्या गाडीचे टायर १९६० चे आहेत का? ट्यूब? बल्ब? रबरी नळी बदलली तर चालते, तांब्याची तार बदलली की धर्म बुडतो!

पाना_दहा_बारा
पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला उलटी डबी जोडून धूर काढणारे तुमचेच चेले माझ्याकडे येतात. जुन्या इंग्लिश गाडीचं प्लस चासीला असतं, एवढंही बघत नाहीत. बारा वर्षं कव्हर उघडलं नाही हे अभिमानाने सांगताय. ज्याने बारा वर्षं गाडीत डोकावलं नाही त्याने जुनी गाडी ठेवावीच कशाला?

वायरमनबुवा
चालवायला! ठेवावी चालवायला! तुम्ही रस्त्याकडेला बसून घासत असता तेव्हा मी पुढच्या मुक्कामी हात-पाय धुऊन बसलेला असतो.

मागची_सीट
या धाग्यावर आतापर्यंत एकही मागे बसणारं माणूस बोललं नाही, म्हणून मी बोलते. चौदा वर्षं मी मागे बसते आहे. गाडी आमच्या ह्यांची, कंबर माझी.

पॉइंट असो नाहीतर डबी, टॉर्च मलाच धरावा लागतो. आणि तो नेहमी चुकीच्या ठिकाणी धरलेला असतो. एकदा मांडीवर रुमाल पसरून त्यात स्प्रिंग, वॉशर, स्क्रू सांभाळत पाऊण तास बसले होते, आणि शिंक आली. तो वॉशर अजून त्या गवतात आहे. ह्यांनी डबी लावली त्या वर्षापासून आमची भांडणं कमी झाली. तेव्हा वायरमनबुवांना माझं एक मत.

पण सावधान यांनाही सांगते. आम्ही आधुनिक गाडीवर एक मोठी ट्रिप केली. सगळं वेळेत, काही बिघडलं नाही, आणि मला त्या प्रवासातलं एकही गाव आठवत नाही. जुनीवर मात्र कुठे थांबलो, कुणी पाना आणून दिला, कुणाच्या पोराने टाकीवर हात फिरवला, सगळं आठवतं. अंधार पडल्यावर मात्र मी बसत नाही. सहा व्होल्टचा तो पिवळा उजेड रस्त्यावर पडतो कुठे? हेडलाइटच्या काचेतच राहतो.

पाना_दहा_बारा
ताई, वॉशरसाठी चुंबक ठेवत जा सोबत. बाकी तुमच्या मताचा आदर आहे, म्हणून डबीबद्दल इथे थांबतो.

(तुमच्या मताचा. बुवांच्या नाही.)

वायरमनबुवा
आभारी आहे. लांबच्या प्रवासाला पॉइंटची जुनी प्लेट, कंडेन्सरसकट, सीटखाली ठेवावी एवढं मीही मान्य करतो. डबी गेलीच तर परत बसवता येते. मीही ठेवतो.

पाना_दहा_बारा
काय म्हणालात? जरा मोठ्या अक्षरात लिहा.

वायरमनबुवा
एकदाच लिहिलंय. पुन्हा लिहिणार नाही.

सावधान_पुढे_वळण
तुमचं मनोमिलन झालं असेल तर माझ्या ब्रेकचं कुणी उत्तर देणार का? दोन माणसं आणि सामान घेऊन लांब उतार, हा माझा मुद्दा. त्यावर मला फक्त "स्वभाव ओळखा" असं मिळालं.

एकसिलिंडर
देतो. दोन माणसं आणि दोन बॅगा घेऊन मी तो उतार उतरलो नसतो, इथे तुमचं बरोबर आहे. मी एकटा जातो, सामान दहा किलोच्या आत. लायनिंग नवीन केलंय, शू ड्रमच्या गोलाईत घासून बसवलेत, केबल दर वर्षी नवी. आणि पायांचं म्हणाल तर निघायच्या आधी आठवडाभर मी दुसरी कुठलीही गाडी चालवत नाही, पायाची सवय बदलायला. अमेरिकेत डाव्या पायाचा गिअर १९७५ च्या मॉडेलांपासून सक्तीचा झाला तो उगाच नाही, हेही कबूल. झालं समाधान?

पण तुम्ही एका घाबरवणाऱ्या दिवसावरून आख्खी गाडी कायमची गाडलीत. तुमचे शू कुणी शेवटचे कधी बघितले होते?

सावधान_पुढे_वळण
आजोबांनी.

पाना_दहा_बारा
काय बोलायचं आता.

सावधान_पुढे_वळण
हसा. अंधारात नाही, मागे माणूस नाही, साठच्या वर नाही, या अटींवर चालवणारे चालवोत, माझी हरकत नाही. तशीही माझ्या हरकतीला इथे कोण विचारतंय! मी मात्र नेणार नाही.

मागची_सीट
एक विचारू? महिन्यातून पाच मिनिटं चालू करता म्हणालात. शेवटची कधी केली?

सावधान_पुढे_वळण
तसं नेमकं बघायला गेलं तर तीनेक वर्षं झाली असतील. मधे घराचं रंगकाम निघालं, मग राहूनच गेलं.

एकसिलिंडर
टाकीत पेट्रोल आहे?

सावधान_पुढे_वळण
आहे ना. निम्मी भरलेली आहे. आत्ता झाकण उघडून बघितलं. वार्निशसारखा वास येतोय आणि रंग चहाचा. फडक्याने गाळून घेतलं तर चालेल का?

पाना_दहा_बारा
नाही.

वायरमनबुवा
नाही.

पाना_दहा_बारा
किकला हात लावू नका, म्हणजे पाय. आधी टाकी पूर्ण रिकामी करा, नळ काढून जाळी बघा, कार्बोरेटरचा बाउल उघडा. प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा. फिरलं तर इथे लिहा. नाही फिरलं तरी लिहा.

सावधान_पुढे_वळण
मी लांब नेणार नाहीये, हे आधीच सांगतो.

नळाला कितीचा पाना लागेल?