सल्फेट नाही, तरी चेहरा ओढला जातो. असं का?

कोरडीठाक

फेसवॉशच्या दोन ट्यूब समोर घेऊन बसलेय आणि मागची मुंगीएवढी अक्षरं मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठी करून वाचतेय.

पहिली माझी. पुढे ठळक अक्षरांत 'सल्फेट-फ्री', म्हणजे फेस आणणारं ते कडक रसायन यात नाही. फेस काय सुरेख येतो, अगदी सायीसारखा! पण चेहरा टिपून होईपर्यंत गाल असे ताणले जातात की हसायला नको वाटतं. दोन आठवड्यांत नाकाच्या कडांना सालं निघायला लागली. दुसरी बहिणीची. तिला ना वास, ना धड फेस. धुतल्यासारखं वाटतच नाही, पण ओढत नाही हे खरं.

पहिलीतली सुरुवातीची नावं: पाणी, ग्लिसरीन, मिरिस्टिक ॲसिड, स्टिअरिक ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड, लॉरिक ॲसिड. पार खाली फेनॉक्सिइथेनॉल, मग कोरफड आणि नायसिनमाइड.
दुसरीतली: पाणी, ग्लिसरीन, सोडियम लॉरॉइल मिथाइल आयसेथिओनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, आणि शेवटी सिरामाइड.

लॉरिल वाईट असं सगळीकडे वाचलंय. मग दुसरीतलं लॉरॉइल म्हणजे तेच ना? आणि ग्लिसरीन दोन्हींत दुसऱ्या नंबरवर असताना एकीनेच का कोरडं पडतं?

जुना_केमिस्ट

ताई, तुमची पहिली ट्यूब म्हणजे ट्यूबमध्ये भरलेला साबण आहे.

मिरिस्टिक, स्टिअरिक, लॉरिक ही सगळी फॅटी ॲसिडं. त्यांची पोटॅशियम हायड्रॉक्साइडशी गाठ पडली की फेसवॉश बनवतानाच साबण तयार होतो. सोडियमवाला अल्कली घेतला तर घट्ट वडी होते, पोटॅशियमवाला घेतला तर मऊ राहतो. सायीसारखा फेस तिथूनच येतो. सल्फेट नाही हा दावा शंभर टक्के खरा, फक्त त्याचा सौम्यपणाशी संबंध नाही. अशा साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (7 च्या वर अल्कली, खाली आम्ल), साधारण 9 ते 10, आणि आपल्या त्वचेचा 5 च्या आसपास. अल्कलीने वरचा थर फुगतो, त्यातली तेलं सुटून वाहून जातात आणि थर सुकला की आकसतो. तुम्हाला हसू येत नाही ते या आकसण्यामुळे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, पण त्यातलं बरंचसं नळाखाली जातं. ते थोडं सावरेल, एवढ्या साबणापुढे त्याचं किती चालणार?

आता लॉरिल-लॉरॉइल. या रसायनांची आडनावं वाचायची, नावं नव्हे. लॉरिल, लॉरॉइल ही फक्त तेलाकडची शेपटी. स्वभाव ठरतो तिला पुढे काय जोडलंय त्यावर. सल्फेट जोडलं की सोडियम लॉरिल सल्फेट. त्वचेची आग कशी होते हे तपासायला संशोधक मुद्दाम लावतात ते हेच. आयसेथिओनेट, सार्कोसिनेट, ग्लुटामेट ही त्यामानाने शांत घराणी. लॉरेथ सल्फेट या दोन टोकांच्या मधे बसतं. त्यातही बीटेनसारखं सौम्य फेसवालं रसायन सोबत असलं की सल्फेटचा जोर उतरतो, म्हणून एकटं नाव बघून फाशी द्यायची नाही.

कोरफडीचं म्हणाल तर एक युक्ती सांगतो. यादी जास्तीकडून कमीकडे लिहितात, पण 1 टक्क्याच्या खालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहिलेले चालतात. फेनॉक्सिइथेनॉल हे प्रिझर्व्हेटिव्ह युरोपच्या नियमानुसार जास्तीत जास्त 1 टक्का घालता येतं. त्याच्या मागे जे उभं आहे ते बहुधा 1 टक्क्याच्या आतलंच. कोरफड पुढच्या बाजूच्या चित्रापुरती.

टी_झोन_तेलकट

साबणाला एवढं झोडपू नका हो. मी वर्षानुवर्षं असलाच फेसवॉश वापरतोय, कपाळावर तेलाची विहीर असल्यामुळे मला काही होत नाही. माझा प्रश्न मुरुमांसाठी घालतात त्या सॅलिसिलिक ॲसिडचा. 2 टक्के लिहिलंय. अर्ध्या मिनिटात धुऊन टाकलं तर उपयोग होतो का?

जुना_केमिस्ट

तुम्हाला सोसतं तर वापरा, त्वचा तुमची आहे. सॅलिसिलिक तेलात विरघळतं म्हणून रंध्रांतल्या तेलात शिरतं, पण त्याला वेळ लागतो. लावून ठेवायच्या जेलमध्ये ते जास्त काम करतं. फेसवॉशमधलं अगदीच वाया जात नाही, इतकंच. मुरुमांवरचाच बेन्झॉइल पेरॉक्साइडवाला घेणार असाल तर टॉवेल पांढरा ठेवा, रंगीत टॉवेलचा रंग उडून डाग पडतात.

कोरडीठाक

थांबा, आत्ता बघितलं तर बहिणीच्या ट्यूबमध्येही तळाशी पोटॅशियम हायड्रॉक्साइड आहे! कार्बोमरच्या शेजारी.

जुना_केमिस्ट

घाबरू नका. कार्बोमर आम्लधर्मी असतं, थोड्या अल्कलीने त्याचा आम्लपणा मारला की जेल घट्ट होतं. तेवढ्यापुरता तो चिमूटभर. वर फॅटी ॲसिडांची रांग नाही ना? मग साबण नाही. आणि 'धुतल्यासारखं वाटत नाही' म्हणजे बोट फिरवल्यावर कुचकुच वाजत नाही, हेच ना? ती कुचकुच म्हणजे तेल गेल्याची खूण, तिची वाट बघू नका. नाकाच्या कडांची सालं मात्र दोन-तीन आठवड्यांत थांबली नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्या जागी सेबोऱ्हिक डर्मटायटिसही (तेलकट जागी सालं काढणारा त्वचेचा दाह) होतो, आणि तो नुसता फेसवॉश बदलून जात नाही.

कोरडीठाक

बहिणीची ट्यूब ढापली. सालं कमी झाली नाहीत तर दाखवून येईन. माझी फेकवत नव्हती, तिने काल मेकअपचे ब्रश धुतले. लख्ख निघाले.