पल्सरच्या फोर्कची टी आणि कोन सेट : सरळ करून घ्यावे की बदलावे?

पंचवटीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मागच्या पावसाळ्यात द्वारका चौकाजवळ पाण्याने भरलेल्या खड्ड्यात माझ्या पल्सर १५०चे पुढचे चाक आदळले आणि गाडी दुभाजकाला घासत आडवी झाली. मला फारसे लागले नाही, पण तेव्हापासून गाडी सरळ जाण्यासाठी हँडल किंचित डावीकडे वळवून धरावे लागते. शिवाय मेन स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल फिरवले, की ते बरोबर मधोमध येऊन खाचेत बसल्यासारखे अडकते. पुढचा ब्रेक दाबल्यावर ‘टक्’ असा आवाजही येत असे. एका गॅरेजने कोन सेट (हँडल ज्यावर फिरते ते छर्रे आणि वाट्यांचे बेअरिंग) आवळून दिला. आवाज गेला, पण आता रहदारीत हळू चालवताना गाडी दारू प्यायल्यासारखी डोलते. दुसऱ्या गॅरेजचे म्हणणे असे, की टी (फोर्कचे, म्हणजे पुढच्या शॉकअपचे दोन्ही पाइप पकडणारा आडवा भाग; एक वर, एक खाली) प्रेसवर, म्हणजे दाबयंत्रावर, घालून सरळ करता येईल, नवीन घेण्याचे कारण नाही.

टी सरळ करून घ्यावी, की वरची आणि खालची दोन्ही बदलाव्यात? कोन सेटऐवजी टेपर बेअरिंग (छर्ऱ्यांऐवजी निमुळत्या रोलरचे) टाकावे का? आणि हे काम घरी करण्यासारखे आहे का? सी पाना (खाचा असलेल्या गोल नटाचा आकडेदार पाना) सोडला तर बाकी हत्यारे माझ्याकडे आहेत.

सातपूरचा फिटर

वाकडे हँडल आणि मधली खाच हे आपण सांगितलेले दोन त्रास एकमेकांपासून वेगळे आहेत, त्यामुळे ते वेगवेगळेच तपासावेत.

पडल्यानंतर हँडल वाकडे दिसते तेव्हा बऱ्याचदा टी वाकलेली नसते, तर शॉकअपचे पाइप टीच्या पकडीत फिरून अडकलेले असतात. म्हणून आधी चाकाचा ॲक्सल, मडगार्डचे बोल्ट आणि दोन्ही टींचे पकड बोल्ट सैल करावेत, चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ करावे आणि ब्रेक दाबून शॉकअप चार-सहा वेळा दाबावेत. मग खालून वर या क्रमाने सर्व आवळावे. तरीही वाकडेपणा राहिला तर चाक आणि मडगार्ड काढून दोन्ही पाइपांवर जाड काचेची सपाट पट्टी आडवी टेकवावी. पट्टी चारही ठिकाणी टेकली तर पाइप एका पातळीत आहेत. ती डुगडुगली तर एक तर पाइप वाकला आहे किंवा टी पिळली गेली आहे. नेमके काय झाले आहे, हे पाइप बाहेर काढून सपाट फरशीवर लोळवले की लगेच कळते.

मधल्या खाचेचे कारण मात्र निश्चित आहे. गाडी चालवताना हँडल बहुतेक वेळ मध्यापासून दोन-चार अंशांपलीकडे जात नाही. त्यामुळे छर्रे वाटीत त्याच त्या जागी बसून रस्त्याचे धक्के खातात, तिथले ग्रीस बाजूला सरते आणि वाटीत बारीक खड्डे पडतात. वॉशिंग सेंटरवर नेकवर (फ्रेमच्या पुढच्या नळीवर, जिच्यात टीचा दांडा फिरतो) पाण्याचा फवारा सरळ मारला जातो, तो वेगळाच. असा कोन सेट आवळून दुरुस्त होत नाही. आवळल्याने ढिलाई जाते, पण हँडल जड होते आणि हळू चालवताना तोल सांभाळायला ज्या बारीक हालचाली हव्यात, त्याच होत नाहीत. आपली गाडी डोलते ती याच कारणाने.

अंबड लेथ

वरील मताशी सहमत आहे. टी प्रेसवर सरळ करण्याबाबत मात्र मला ठामपणे नको असेच म्हणायचे आहे. ॲल्युमिनियमची टी वाकल्यावर पुन्हा वाकवली तर पकडीच्या कडेला केसासारखी चीर जाते आणि ती रंगाखाली दिसत नाही. स्टीलची टी सरळ होते, पण खालच्या टीत दाबून बसवलेला मधला दांडा पकडींशी पुन्हा अचूक समांतर झाला आहे, हे तपासण्याचे साधन प्रेसवाल्यांकडे क्वचितच असते. ज्या भागावर पुढचे संपूर्ण चाक लटकते, तिथे ही काटकसर करू नये.

टी मूळ मॉडेलचीच घ्यावी. दुसऱ्या मॉडेलची ‘बसते’ म्हणून दिलेली टी बसेलही, पण मधल्या दांड्यापासून पाइपांचे पुढे असलेले अंतर, म्हणजे ऑफसेट, वेगळे असू शकते. नेकचा कल उभ्या रेषेपासून २६ अंश धरला, तर ऑफसेट ५ मिमीने वाढला की ट्रेल (नेकची रेषा जमिनीला मिळते तिथून चाक टेकते तिथपर्यंतचे अंतर) सुमारे साडेपाच मिमीने कमी होते आणि वेगात गाडीचा पुढचा भाग चंचल होतो.

वाट्या काढताना नेकला गॅस कटरची ज्योत कोणालाही लावू देऊ नका. अनेक गाड्यांचा चॅसिस नंबर तिथेच कोरलेला असतो, आणि तो खराब झाला तर आरटीओत गाडीची ओळख पटवताना मोठा मनस्ताप होतो.

घाटवाट

घरी करण्यासारखे आहे, पण घाईने करण्यासारखे नाही. इंजिनखाली जॅक आणि लाकडी ठोकळा देऊन पुढचा भाग अधांतरी ठेवा. ब्रेकचा कॅलिपर होजवर (त्याच्या नळीवर) लोंबकळू न देता तारेने बांधा. वरची टी निघाल्यावर कोन सेटच्या आवळणीचा नट सोडताना दुसरा हात खालच्या टीखाली हवा, नाहीतर ती एकदम खाली येते आणि छर्रे सुटे असतील तर ते घरभर पसरतात. वरचे आणि खालचे वेगवेगळे मोजून ठेवा.

जुन्या वाट्या नेकमधून लांब ड्रिफ्टने (ठोकण्याच्या धातूच्या दांड्याने) एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ठोकत काढाव्यात. नव्या वाट्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवल्या तर थोड्या आकसतात. बसवताना जुन्याच वाटीला एक चीर पाडून ती नवीवर पालथी ठेवा आणि तिच्यावर ठोका, म्हणजे घाव छर्ऱ्यांच्या मार्गावर पडत नाही आणि जुनी वाटी आत अडकतही नाही. वाटी तळाला टेकेपर्यंत ठोक्याचा आवाज पोकळ येतो. टेकली की तो एकदम भरीव आणि टणक होतो. तिथे थांबावे. खालच्या टीच्या दांड्यावरचा कोनही (बेअरिंगची आतली कडी) बदलायचा असतो. अनेक जण तो जुनाच ठेवतात आणि मग नवीन सेट लवकर खराब झाल्याची तक्रार करतात.

टेपर बेअरिंगबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. त्यात भार ठिपक्यावर न पडता रोलरच्या लांबीभर विभागला जातो, म्हणून कसारा किंवा वणीच्या घाटात नियमित जाणाऱ्याला ते उपयोगी आहे. पण त्याची एकूण उंची मूळ सेटपेक्षा वेगळी असली तर वरच्या नटाला पुरेसे आटे उरत नाहीत. हे मोजून पाहिल्याशिवाय घेऊ नये. शहरातच फिरणाऱ्या गाडीला चांगल्या प्रतीचा मूळ कोन सेट पुरेसा आहे.

पंचवटीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पकड बोल्ट सैल करूनही फरक पडला नाही. काचेची पट्टी डुगडुगली आणि दोन्ही पाइप फरशीवर सरळ लोळले, म्हणजे टीच पिळली आहे. दोन्ही टी आणि मूळ कोन सेट मागवतो आहे. आता दोनच शंका : इग्निशन लॉक नवा घ्यावा लागेल का, आणि कोन सेटचा आवळणीचा नट किती आवळावा?

सातपूरचा फिटर

लॉक जुनाच नव्या वरच्या टीला लावता येतो. मात्र बसवल्यावर हँडल लॉकची पिन फ्रेमच्या खाचेत सहज जाते ना, हे टाकी चढवण्यापूर्वी पाहा.

नट सुरुवातीला जरा जोरात आवळून हँडल दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा फिरवा, म्हणजे वाट्या आणि छर्रे आपापल्या जागी बसतात. मग तो सैल करून ढिलाई जाईल इतकाच पुन्हा आवळा. चाक अधांतरी असताना हँडलला मध्यातून बोटाने हलकेच ढकलले, तर ते आपल्या वजनाने टोकापर्यंत जाऊन टेकले पाहिजे. मध्येच थांबले तर घट्ट आहे. नंतर चाक खाली टेकवून एकाला पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे ढकलायला सांगा आणि आपले बोट नेक व खालच्या टीच्या सांध्यावर ठेवा. तिथे हालचाल जाणवली तर कोन ढिला आहे. सांधा स्थिर असूनही आवाज आला तर तो बहुधा शॉकअपच्या बुशचा (पाइप ज्यावर सरकतो त्या आतल्या कड्याचा) आहे. वरचा मोठा नट आवळताना वरच्या टीचे पकड बोल्ट सैलच ठेवा, कारण ती पाइपांवरून किंचित खाली सरकावी लागते. त्या नटाने खालची आवळणीही थोडी वाढते, म्हणून बोटाने ढकलण्याची चाचणी त्यानंतर पुन्हा करा आणि सुमारे ५०० किमी चालल्यावर आणखी एकदा.