मदत हवी आहे: एफ-१५० साठी जुनी टचस्क्रीन घेताना काय तपासावं?

नमस्कार मंडळी. ह्यूस्टनला असतो. गाडी २०१९ची फोर्ड एफ-१५०, सिंक ३ (फोर्डची टचस्क्रीन यंत्रणा), आठ इंची स्क्रीन. शिडी आत सरकवताना तिचा पाय थेट स्क्रीनवर बसला (चूक सर्वस्वी माझीच). चित्र स्वच्छ दिसतं, मागचा कॅमेराही चालतो, पण डाव्या कोपऱ्यात टच लागत नाही आणि अधूनमधून बटणं आपोआप दाबली जातात. परवा रात्री दीडला मेव्हण्याला फोन लागला!

पॉवर आणि पुढच्या गाण्याचं बटण एकत्र दाबून रीसेट केलं, बॅटरीही काढून बघितली. काच तडकलीये म्हटल्यावर त्याने काय होणार म्हणा. नुसती काच बदलायचा विचार सोडला. ती चिकटवलेली असते आणि माझा हात तेवढा स्थिर नाही.

आता एका जंकयार्डमध्ये २०१७च्या एफ-१५० मधली स्क्रीन १६० डॉलरला मिळतेय. मागचा एपीआयएम मॉड्यूल (सिंक चालवणारा छोटा संगणक) सोबत आहे, पण माझा मॉड्यूल ठणठणीत आहे, म्हणून तोच ठेवून फक्त स्क्रीन बदलणार. म्हणजे व्हीआयएनच्या (गाडीच्या ओळख क्रमांकाच्या) प्रोग्रॅमिंगची भानगड येऊ नये. नवी स्क्रीन नको, बजेट २०० डॉलर. परत करायला ३० दिवस आहेत. फोरस्कॅन (फोर्ड गाड्या तपासायचं सॉफ्टवेअर) आणि ते गाडीला जोडणारं ओबीडी अडॅप्टर घरी आहे.

ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांना दोन प्रश्न: २०१७ची स्क्रीन २०१९च्या मॉड्यूलवर तशीच चालली का? आणि तडकलेली, पण चित्र चांगलं असलेली स्क्रीन सुट्या भागांसाठी कोणी विकत घेतं का?