प्लिंथच्या आधी रबरी चाक बघा

जड प्लायवूडचा प्लिंथ, म्हणजे यंत्राखालची बैठक, बनवूनही गॅरार्ड ३०१ या जुन्या रेकॉर्ड प्लेअरची घरघर जात नाही, अशी एक तक्रार वाचली; नवल वाटलं नाही. प्लिंथ कंपनं जिरवतो, पण ती निर्माण करणारं आयडलर चाक, म्हणजे मोटरची गती रेकॉर्डखालच्या फिरत्या तबकडीला (प्लॅटरला) देणारं रबरी चाक, तसंच राहतं ना!

आधी आवाज नीट ऐका. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाला प्लॅटरचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. ठोका तेवढ्याच अंतराने येत असेल तर संशय प्लॅटरवर किंवा रेकॉर्डवर. त्याहून भराभर येत असेल तर आयडलर चाकाचं रबर एका जागी चपटं झालंय. हा प्रकार बहुतेक वेळा यंत्राचा खटका बंद न करता भिंतीवरचं बटण बंद केल्यामुळे होतो. चाक तसंच दाबलेलं राहतं, महिनोन्‌महिने. थोडं चपटं असेल तर घासून गोल करता येतं, पण रबर कडक झालं असेल तर नवंच घ्या.

चाक मोकळं ठेवून नुसती मोटर चालवली तरी गुणगुण येते? मग मोटरच्या बुशिंगमधलं वाळलेलं तेल काढा, ताजं हलकं तेल थेंबभर द्या. रबर आणि प्लॅटरची आतली कड मात्र कोरडी ठणठणीत हवी. कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

आणि हो, यंत्र परदेशातून आलं असेल तर मोटरच्या दांड्यावरची पुली तपासा. ६० हर्ट्झच्या विजेसाठीची पुली आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर लावली तर ३३⅓ चे जेमतेम २८ फेरे होतात आणि गायिकेचा गायक होतो!

टोनआर्म, म्हणजे सुई धरणारा दांडा, बदलायचं नंतर बघू.