धागा किती ताणायचा?
'रोबोच ऑपरेशन करतो, सर्जन नुसता बघत बसतो' असं वर कुणीतरी लिहिलंय, ते मुळीच पटलं नाही. दा विंची हा शस्त्रक्रियेचा रोबो आपणहून एक टाकाही घालत नाही. कन्सोलवर, म्हणजे सर्जन बसतो त्या नियंत्रण-यंत्रावर, त्याची बोटं हलतील तसतशी रुग्णाच्या शरीरातली अवजारं हलतात, हाताचा कंप तेवढा गाळला जातो.

खरी अडचण स्पर्शाची, ती इथे कुणी मांडली नाही. २००० साली अमेरिकेत मान्यता मिळाली, पण त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ या यंत्रावर धागा किती ताणला गेलाय हे हाताला जाणवायचंच नाही. शिकताना माझे कितीतरी धागे गाठ आवळताना तुटले. मग डोळ्यांनीच ओळखायला शिकले: टाक्याभोवतीचा टिश्यू पांढुरका व्हायला लागला की थांबायचं. २०२४ साली आलेल्या दा विंची ५ मध्ये, खास अवजारं लावली तर, हा जोर हाताला कळतो.