आठवीसाठी गावचेच माध्यमिक विद्यालय ठेवावे का?

पालक, राजापूर तालुका:
आमच्या गावची जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. पुढे गावातच, मुंबईकर ग्रामस्थ मंडळाच्या पुढाकाराने उभे राहिलेले अनुदानित माध्यमिक विद्यालय असून तेथे येईल त्या प्रत्येक मुलाला प्रवेश मिळतो. मात्र हुशार मुले आणि अडखळत वाचणारी मुले एकाच वर्गात बसतात, म्हणून मुलीला रत्नागिरीला नातेवाइकांकडे ठेवावे, असा घरात आग्रह आहे. जाणकारांनी कृपया मत कळवावे.

निवृत्त गणित शिक्षक, देवगड:
सर्वांना प्रवेश ही या शाळांची उणीव नसून तेच त्यांचे बळ आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयोगटातील मुलांना प्रवेश देताना चाळणी लावण्यास मनाई केली. आपल्याकडच्या शाळा तर त्याच्या कितीतरी आधीपासून खलाशाच्या आणि बागायतदाराच्या मुलांना एकाच बाकावर बसवत आल्या आहेत. खरी अडचण शिक्षकांची आहे. संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याच्या सरकारी मंजुरीत, पदे विद्यार्थ्यांच्या पटावर ठरतात, त्यामुळे वाड्या ओस पडून पट घसरला की पद जाते आणि भाषेच्या शिक्षकांवर गणिताचे तास येतात. ज्याला अजून अपूर्णांकांची बेरीज जमत नाही, त्याच्यासमोर फळ्यावर बीजगणित सुरू होते. त्याला वेगळा अर्धा तास देणारे कोणी उरत नाही आणि पुढे गेलेल्या मुलीला अधिक अवघड उदाहरणे घालणारेही कोणी नसते. तिचे नुकसान शेजारच्या मुलामुळे होत नाही, दोघांना पुरेल एवढे मनुष्यबळ नसल्यामुळे होते. तेव्हा गणित आणि विज्ञानाला त्या त्या विषयाचे शिक्षक आहेत का आणि प्रयोगशाळेतले साहित्य मुलांच्या हाती पडते का, हे स्वतः जाऊन पाहावे.

पालक, राजापूर तालुका:
धन्यवाद, गुरुजी. दहावीचा निकाल मात्र शंभर टक्के लागतो, असे सांगतात.

माजी विद्यार्थिनी, मालवण:
केवळ निकालावर जाऊ नये. 2024 मध्ये दहावीला राज्याचा निकाल 95.81 टक्के, तर कोकण विभागाचा 99.01 टक्के होता. जेथे जवळजवळ सगळेच उत्तीर्ण होतात, तेथे त्या आकड्यावरून दोन शाळांमधला फरक कळत नाही. गणितात किती मुलांना साठाच्या वर गुण पडले, ते विचारावे. आणि गावच्या शाळेत विषयशिक्षक नसतीलच, तर मुलीला घरापासून तोडण्याआधी तालुक्याच्या शाळेचाही विचार करावा, कारण अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. फक्त जादा तास संपल्यावर परतीची गाडी आहे ना, एवढे आगारात आधी विचारून घ्यावे.