गीतरामायणाच्या तबकड्यांचे वर्ष कसे ओळखावे?
आजोबांच्या ट्रंकेत सुधीर फडके यांच्या आवाजातील गीतरामायणाच्या तीन लाँग प्ले तबकड्या सापडल्या. वेष्टनाचा वर्ष छापलेला कोपरा वाळवीने खाल्ला आहे, मात्र लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर काही अंक कोरलेले दिसतात. त्यांवरून ती प्रत पहिल्या आवृत्तीची की नंतरची, हे ठरवता येते का?

१९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गीते प्रसारित केली, तेव्हा लता मंगेशकर, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे असे अनेक गायक त्यांत होते (आजीला अजून तेच आवाज हवे असतात!). त्या मूळ प्रसारणाचे ध्वनिमुद्रण कधी विक्रीस आले होते का, हेही जाणकारांनी कृपया कळवावे.